वॉर्डातली वही: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न

बारा मे झाला की माझं टपाल वाढतं. परिचारिका दिन साजरा होतो, मेणबत्त्या लागतात, शपथ होते, केक कापला जातो, आणि दुसऱ्या दिवशी पोरापोरींना खरे प्रश्न पडायला लागतात. ते इथं येतात. मी आधी जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका होते, नंतर निवृत्त होईपर्यंत पाठ्यनिर्देशिका, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘ट्यूटर मॅडम’. त्यामुळे उत्तरं थोडी वॉर्डातली आणि थोडी वर्गातली असतील. कुणाला रागावल्यासारखं वाटलं तर ती सवय आहे, राग नाही.

प्रश्न: मी जी.एन.एम.च्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) पहिल्या वर्षाला आहे. फाउंडेशनच्या पेपरला नर्सिंगचा इतिहास येतो. १८२०, १८५४, १८६० अशा सनावळ्या पाठ करतेय. इंजेक्शन द्यायला यातलं काय लागतं? (विद्यार्थिनी, लातूर)

इंजेक्शन द्यायला काहीच लागत नाही. पण इंजेक्शन दिल्यावर जे लिहायचं असतं ते का लिहायचं, याचं उत्तर त्या सनावळ्यांत आहे. म्हणून जरा बस.

तुझ्या पुस्तकातली गोष्ट मला ठाऊक आहे, कारण कित्येक वर्षं मीच ती तशी शिकवली. क्रिमियाचं युद्ध लागलं, फ्लॉरेन्स नाइटिंगेल नावाच्या इंग्रज बाई (जन्म १२ मे १८२०, तुझी पहिली सनावळी) अडतीस बायका घेऊन तुर्कस्तानात स्कुटारीला गेल्या, रात्री दिवा घेऊन फिरल्या, सैनिक वाचले. खरी गोष्ट इतकी गुळगुळीत नाही. त्या नोव्हेंबर १८५४ मध्ये पोचल्या. पुढच्या थंडीत मृत्यू कमी झाले नाहीत, उलट वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये बराकीच्या त्या रुग्णालयात मृत्यूचं प्रमाण शेकडा ४२ वर गेलं. नर्सेस होत्या, कपडे धुतले जात होते, पट्ट्या बदलल्या जात होत्या, स्वयंपाकघर चालू झालं होतं, आणि तरीही माणसं मरत होती. त्यातली बहुतेक जखमांनी मेली नाहीत. हगवण, कॉलरा आणि टायफसनं मेली. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला. इमारतीखाली तुंबलेली गटारं उपसली गेली, पिण्याच्या पाण्याच्या वाटेत मेलेलं घोडं सापडलं ते काढलं, भिंतींना चुना लागला, हवा खेळायला लागली. जूनपर्यंत प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आलं.

मला नाइटिंगेलबाई मोठ्या वाटतात त्या यानंतरच्या दोन वर्षांत. मायदेशी परतल्यावर विल्यम फार नावाच्या आकडेशास्त्रज्ञाला हाताशी धरून त्या मेलेल्यांचे कागद उलगडत बसल्या. कोण कुठल्या महिन्यात गेला, कशानं गेला. निघालेलं उत्तर त्यांना सुखावणारं नव्हतं. आपण तिथं असताना, आपल्या डोळ्यांदेखत, माणसं गटारापायी गेली होती. हे त्यांनी झाकलं नाही. १८५८ मध्ये फुलाच्या पाकळ्यांसारखा एक रंगीत तक्ता छापला. निळा रंग टाळता आले असते अशा रोगांच्या मृत्यूंचा, लाल जखमांचा, काळा बाकीच्यांचा. निळ्या पाकळ्या एवढ्या मोठ्या की लाल शोधावी लागते. इंग्लंडच्या संख्याशास्त्रीय संस्थेनं सदस्य करून घेतलेली पहिली बाई त्याच. १८६० ला लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या निधीतून नर्सिंगची शाळा निघाली, ती पंधरा मुलींवर. तुझी तिसरी सनावळी ती. पण माझ्या मते धंद्याचा पाया त्या आधीच, त्या कागदांवर घातला गेला होता.

आता माझी १९७९ ची गोष्ट. पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, चाळीस खाटा, रात्रपाळी आणि पहाटेची टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास यांची नोंद. तापमान मी घेतलं, नाडी बघितली, आणि श्वासाच्या रकान्यात चाळीसच्या चाळीस जणांना ‘२०’ लिहून टाकलं. सगळेच लिहायचे. सकाळी आमच्या परिसेविका, म्हणजे वॉर्डच्या प्रमुख सिस्टर, आल्या, त्यांनी चार्ट चाळले, चौदा नंबरच्या खाटेशी थांबल्या आणि म्हणाल्या, “पोरी, याचा श्वास मोज. माझ्यासमोर, घड्याळ धरून, पूर्ण एक मिनिट.” छत्तीस भरला. त्या ओरडल्या नाहीत. डॉक्टरांना बोलावलं, ऑक्सिजन लावला, आणि मग मला म्हणाल्या, “आता उरलेले एकोणचाळीस मोज.” माझी रात्रपाळी त्या दिवशी साडेनऊला संपली. चौदा नंबरचे बाबा वाचले, पण त्यात माझा काही हात नव्हता.

जाता जाता दोन गैरसमज काढते, व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, उपयोगी पडतील. शपथविधीला तुमच्या हातात चोचीचा, अल्लाउद्दीनछाप दिवा देतात ना, तसला दिवा स्कुटारीला नव्हता. तो तुर्की फनूस होता. घडी पडणारा, आत मेणबत्ती असलेला. दिवाळीत घडीचा आकाशकंदील मिळतो त्याचा चुलतभाऊ म्हण. आणि ‘नाइटिंगेल शपथ’ नाइटिंगेलबाईंनी लिहिलेली नाही. ती १८९३ मध्ये अमेरिकेत, डेट्रॉइटच्या एका नर्सिंग शाळेत लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीनं बनवली.

प्रश्न: माझी मुलगी बारावी सायन्सला आहे आणि बी.एस्सी. नर्सिंगच करायचं म्हणते. सासरकडचे नाराज आहेत. “शिकून-सवरून परक्यांची घाण काढणार का?” असं म्हणतात. तिला कसं समजावू? (एक आई, कराड)

ताई, तिला समजावायचं काही नाही, तिला समजलेलं आहे. समजवायचं ते सासरच्यांना, आणि ते काम दीडशे वर्षं चालू आहे.

नाइटिंगेल घराणं गडगंज. मुलगी पंचविशीत म्हणाली की जवळच्या रुग्णालयात काम शिकायला जाते, तर आई आणि बहिणीनं घर डोक्यावर घेतलं आणि तो बेत मोडला. जर्मनीत कैसर्सवेर्थ इथं फ्लिडनर नावाच्या पाद्र्यानं १८३६ पासून बायकांना शुश्रूषेचं शिक्षण द्यायला सुरुवात केली होती. तिथं तीन महिने शिकायला मिळालं तेव्हा बाई एकतीस वर्षांच्या होत्या. तुमची लेक अठरालाच निघालीय, ती बरीच पुढं आहे.

आपल्याकडे तर त्यात शिवाशिव, जात, रात्रीची पाळी, परपुरुषाला हात लावणं हे सगळं होतं. म्हणून सुरुवातीला या कामात ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन बायकाच जास्त. मुंबईत १८९१ साली बाई काशीबाई गणपत प्रशिक्षणाला आल्या, आणि पहिली भारतीय नर्स म्हणून आमच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्यावर एक ओळ असते. फक्त एक ओळ. घरी काय ऐकून त्या आल्या असतील, याची मी वर्गात मुलींना कल्पना करायला लावायची. नंतर १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन काढलं आणि तिथल्या बायकांना, त्यात विधवा बऱ्याच, ससूनमध्ये परिचारिकेचं शिक्षण घ्यायला धाडलं. न्यायमूर्तींच्या घरची बाई या कामाच्या मागे उभी आहे म्हटल्यावर पुण्याला नावं ठेवणं थोडं जड गेलं. त्याच्या बारा वर्षं आधी, १८९७ च्या प्लेगात, सावित्रीबाई फुले मुलाच्या, यशवंताच्या, दवाखान्यात रोग्यांना आणून त्यांची सेवा करत होत्या. त्यातच प्लेग होऊन १० मार्चला त्या गेल्या. त्यांच्याकडे नर्सिंगचं प्रमाणपत्र नव्हतं. तुमच्या सासरकडच्यांना हे नाव सांगून बघा, ते काय उत्तर देतात ते मला कळवा.

माझ्या आजीनंही हेच विचारलं होतं, “परक्या पुरुषाचं भांडं उचलणार?” पुढं तिला अर्धांगवायू झाला. शेवटपर्यंत ती माझ्या नोकरीबद्दल चांगलं एक अक्षर बोलली नाही. पण एनिमा द्यायची वेळ आली की घरात दहा माणसं असताना विचारायची, “ती धाकटी कुठाय?”

एक व्यवहाराचं बोलते. बी.एस्सी. चार वर्षांचं, जी.एन.एम. तीन वर्षांचं. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद या दोन्हींची मान्यता आहे का, आणि कॉलेजचं स्वतःचं किंवा जोडलेलं रुग्णालय किती खाटांचं आहे, हे प्रत्यक्ष जाऊन बघा. इमारतीची काच बघू नका. वॉर्डात जा, तिथं मुली उभ्या दिसतात का आणि त्यांच्याजवळ शिकवणारं कुणी आहे का, ते बघा.

प्रश्न: आमच्या बॅचला साठात सहा मुलं आहोत. वॉर्डात ‘ब्रदर’ म्हणतात तेव्हा काही नातेवाईक हसतात. हे मुळात बायकांचंच क्षेत्र आहे का? (विद्यार्थी, यवतमाळ)

नाही. बायकांचं क्षेत्र केलं ते व्हिक्टोरियन इंग्लंडनं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवव्या अध्यायात उपचाराचे चार पाय सांगितलेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे तू. त्याचे गुण चार: उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. म्हणजे काम येत असणं, हात चलाख असणं, रोग्याविषयी आपलेपणा, आणि स्वच्छता. शब्द पुल्लिंगी आहे, ‘परिचर’. मला त्यातला क्रम आवडतो. ‘उपचारज्ञता’ पहिली आली आहे. आपल्याकडे भाषणांत नर्सच्या मायेचं कौतुक आधी होतं आणि ज्ञानाचं शेवटी, तेही वेळ उरला तर. चरकाला ते उलट वाटलं होतं.

युरोपातही सोळाव्या शतकात कामिल्लस नावाचा इटालियन सैनिक होता. जुगारी होता, पायाला न भरणारी जखम होती, त्यापायी रोमच्या रुग्णालयात पडून राहिला आणि तिथली सेवा बघून हादरला. पुढं रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या पुरुषांचा संघ काढला, त्यांच्या झग्यावर लाल क्रूस असे. मग १८६० ची शाळा आली ती फक्त मुलींसाठी, आणि पुरुष बाहेर पडले. इंग्लंडमध्ये तर १९४९ पर्यंत पुरुष नर्सेसची नावं वेगळ्याच पटावर लिहीत.

हसणाऱ्या नातेवाइकांचं म्हणशील, तर त्यांच्याच पेशंटला रात्री दोन वाजता कॅथेटर (लघवीची नळी) घालायची वेळ येते तेव्हा ‘ब्रदर’ला शोधत तेच पळत येतात. ‘सिस्टर’ हा शब्दही जोगिणींच्या मठातून आला, त्यामुळे दोन्ही शब्द उसनेच आहेत. केंद्राच्या रुग्णालयांत आता ‘नर्सिंग ऑफिसर’ म्हणतात. तेही चांगलंच. फक्त वॉर्डातल्या मदतनीस मावशी आणि मामांना ते म्हणायला जमत नाही, तू मनावर घेऊ नकोस.

प्रश्न: नर्सिंग प्रोसेस, नर्सिंग डायग्नोसिस, केअर प्लॅन यांच्या फायली भरून हात दुखतात. निदान डॉक्टर करतात, औषध डॉक्टर लिहितात. मग आम्ही वेगळं ‘निदान’ काय करायचं? हे सगळं कागद वाढवण्यासाठीच आहे ना? (बी.एस्सी. द्वितीय वर्ष, नाशिक)

निम्मं खरं आहे. एकमेकींच्या फायली उतरवून काढलेले केअर प्लॅन रद्दीच असतात, आणि ते तपासणाऱ्या आम्हीही त्यात दोषी. पण मूळ गोष्ट रद्दी नाही. एक पेशंट सांगते.

सत्तरीचे आजोबा. खुब्याचं हाड मोडलेलं, पायाला वजन लावून ट्रॅक्शनवर. केसपेपरवर डॉक्टरांचं निदान आहे, ते आज, उद्या, आठवडाभर तेच राहणार आहे. तिसऱ्या दिवशी आजोबा थोडे बडबडायला लागतात, जीभ कोरडी, पोट फुगलेलं, चार दिवसांत शौच नाही. वॉर्डातली नर्सिंगची मुलगी इनटेक-आउटपुटचा (पाणी किती गेलं, लघवी किती झाली याचा) कागद बघते तर चोवीस तासांत पोटात गेलं पाणी चारशे मिली. का? तहान नाही का? तहान आहे. पण पाणी प्यायलं की लघवीचं भांडं मागावं लागतं, आणि मागायचं कुणाकडं, तर नातीएवढ्या पोरीकडं. आजोबांना लाज वाटते. म्हणून त्यांनी आपलं आपण पाणी तोडलंय.

आता यात डॉक्टरांच्या निदानाचा काय संबंध? हे दुखणं क्ष-किरणाच्या फोटोत दिसत नाही. ते तुला दिसलं, कारण तू कागद वाचलास आणि मग माणसाशी बोललीस. ‘लाजेपायी पाणी कमी पिणं, त्यामुळे शरीरातलं पाणी कमी होण्याचा आणि बद्धकोष्ठाचा धोका’, हे तुझं निदान. फायलीत ते इंग्रजी साच्यात लिहावं लागतं ते सोड. मग योजना. हृदय-किडनीचं काही नाही ना, हे डॉक्टरांना विचारून पाण्याचं उद्दिष्ट ठरव. समज, उद्या संध्याकाळपर्यंत दीड लिटर. भांडं आजोबांनी मागायचं नाही. दर तीन तासांनी मामांनी ते आपणहून घेऊन जायचं, पडदा ओढायचा. पेला उजव्या हाताला, पोचेल असा ठेवायचा. मग दुसऱ्या दिवशी कागद बघ. दीड लिटर झालं? जीभ ओली? बडबड थांबली? नसेल तर पुन्हा पहिल्यापासून. माहिती घेणं, निदान, योजना, अंमल, मूल्यमापन, या पाच पायऱ्या तू पाठ करतेस त्या हेच आहेत. माणूस, परिसर, आरोग्य आणि शुश्रूषा या ज्या चार संकल्पना पहिल्या धड्यात येतात, त्याही या एका खाटेवर सापडतील. पडदा हा परिसर आहे, बरं का.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया हेंडरसन यांनी केलेली व्याख्या तुमच्या पुस्तकात असेलच. माणसात बळ, इच्छा किंवा ज्ञान असतं तर जे त्यानं स्वतःच केलं असतं, ते करायला त्याला मदत करायची, आणि अशी करायची की त्याला लवकरात लवकर आपली गरज उरू नये. बरं होणं शक्य नसेल तर शांतपणे मरायलाही मदत, हेही त्यात आहे. मुलं ‘बळ, इच्छा, ज्ञान’ पाठ करतात आणि पुढचं वाचत नाहीत. आजोबांत बळ नव्हतं, एवढंच तुला दिसलं असतं तर तू पेला भरून देत राहिली असतीस. त्यांची इच्छा का अडली हे तुला बघावं लागलं. पेप्लाऊ, ओरेम वगैरे बाकीच्या बाईंच्या सिद्धांतांबद्दल इथं लिहीत बसत नाही, ते परीक्षेच्या आधी वाच.

आणि कागदाचं. तू मॉर्निंगला हे सगळं शोधून काढलंस आणि ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे वॉर्ड सोपवताना, ‘पेशंट ठीक’ एवढंच म्हणालीस, तर इव्हिनिंगवाली आजोबांना विचारणार, “भांडं पाहिजे का?” आणि आजोबा म्हणणार, “नको.” नाइटिंगेलबाईंच्या १८५९ च्या छोट्या पुस्तकात एक प्रकरण फक्त यावर आहे. आपण हजर असताना जे करतो, ते आपण नसतानाही होईल अशी व्यवस्था लावायची कशी. नर्सिंगच्या सगळ्या लिखाणात मला ते प्रकरण सर्वांत व्यवहारी वाटतं. बाई घरी गेली की काळजीही तिच्याबरोबर घरी गेली, असं होता कामा नये, आणि त्याला कागदावाचून दुसरा उपाय अजून निघालेला नाही.

प्रश्न: आमच्या गावात सहा महिन्यांचा कसलासा कोर्स केलेल्या मुली ‘नर्स’ म्हणून काम करतात, सलाईनही लावतात. आम्ही तीन-चार वर्षं शिकून वर नोंदणी करायची. नोंदणीनं काय फरक पडतो? (विद्यार्थिनी, बीड)

त्या मुलींवर रागावू नकोस, त्यांना कमी पगारात राबवणाऱ्यांवर रागाव.

नोंदणी म्हणजे लोकांना दिलेलं वचन. या नावाखाली जी समोर उभी आहे तिनं अमुक शिक्षण घेतलंय, आणि ती चुकली तर विचारायला जागा आहे. हे सुचायलाही वेळ लागला. न्यूझीलंडनं १९०१ मध्ये पहिला कायदा केला. इंग्लंडमध्ये एथेल फेनविकबाई तीस वर्षं भांडल्या तेव्हा १९१९ ला झाला, आणि पहिल्या क्रमांकावर त्यांचंच नाव लागलं. गंमत म्हणजे त्या भांडणात नाइटिंगेलबाई विरुद्ध बाजूला होत्या! परीक्षा घेऊन, यादीत नाव घालून चांगली नर्स ओळखता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. अर्धं बरोबरच होतं ते. पण यादी नसली तर वाईट नर्सही ओळखता येत नाही, आणि तिथं त्या चुकल्या असं मला वाटतं. आपल्याकडे मद्रासला १९२६, मुंबई इलाख्यात १९३५, आणि देशासाठी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा. २०२३ मध्ये संसदेनं त्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा नवा कायदा मंजूर केलाय, तो वाचून ठेव, मुलाखतीत विचारतात. संघटना म्हणशील तर टी.एन.ए.आय., म्हणजे प्रशिक्षित परिचारिकांची अखिल भारतीय संघटना, १९०८ पासून आहे. सदस्य हो. फुकट तक्रार करण्यापेक्षा वर्गणी भरून केलेली बरी.

प्रश्न: मी नर्सिंगची विद्यार्थिनी नाही, पण तुमचं सदर वाचते. वडील तीन महिने अंथरुणावर आहेत. माकडहाडापाशी लाल झालंय. शेजारच्या निवृत्त सिस्टर म्हणाल्या, स्पिरिट लावून चोळा आणि हवेची रिंग द्या. चालेल का? (वाचक, चिपळूण)

चोळू नका. रिंगही नको.

शेजारच्या सिस्टर चुकीचं काही शिकल्या नाहीत, आम्हीही तेच शिकलो. ‘बॅक केअर’ नावाचा सोहळाच असे: साबण-पाणी, मग स्पिरिट, मग पावडर, आणि हाडांवर गोल गोल मालिश. खोलीभर वास सुटायचा आणि काम झाल्यासारखं वाटायचं. इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन नावाच्या नर्सनं वृद्धांच्या वॉर्डात याचा नीट अभ्यास केला, १९६२ ला प्रसिद्ध केला, आणि दाखवलं की या लेपांनी फारसं काही होत नाही. ठरल्या वेळी कूस बदलून दाब काढण्यानं जखमा टळतात. एका नर्सनं हे मोजून दाखवलं, आणि आमच्या वॉर्डापर्यंत ते पोचायला पुढं कितीतरी वर्षं गेली. लाल झालेल्या जागेखालचं मांस आधीच दुखावलेलं असतं, चोळल्यानं ते आणखी फाटतं. रिंगेनं मधली जागा सुटते, पण कडेनं रक्त अडतं.

अरुणा शानबाग यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका. १९७३ च्या नोव्हेंबरात तिथंच त्यांच्यावर हल्ला झाला, आणि २०१५ च्या मे महिन्यात त्या गेल्या. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं त्यांना केईएमच्या नर्सेसनी सांभाळलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांचा खटला गेला तेव्हा त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण (अंथरुणाला खिळून दाबानं होणारी जखम) नव्हता, हे न्यायालयापुढे आलं. त्या खटल्यात जगण्या-मरण्याच्या हक्कावर केवढा खल झाला, तो आपल्या जागी. माझ्यासारखीला त्यातली ही एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. बेचाळीस वर्षं म्हणजे किती पाळ्या, किती जणी नोकरीला लागल्या आणि निवृत्त झाल्या, आणि प्रत्येकीनं पुढचीला सांगितलं की आता कुठल्या कुशीवर आहेत.

तुम्हाला बेचाळीस वर्षं नकोत, दिवसाचे चोवीस तास नीट बसवा. दर दोन तासांनी कूस. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी देऊन थोडं कलतं, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली उशी. सरकवताना ओढू नका. खाली आडवी चादर घाला आणि दोघांनी उचला, कातडी घासून जाते ती ओढण्यानंच. चादरीला सुरकुती नको, खाली ओल नको. रोजच्या जेवणात डाळ, अंडं, दूध यातलं जे चालतं ते वाढवा. साखरेचा आजार असेल तर डॉक्टरांना आजच सांगा.

आणि भिंतीवर एक कॅलेंडर टांगा. सहा वाजता डावी, आठ वाजता पाठ, दहा वाजता उजवी, असं ज्यानं कूस बदलली त्यानं लिहायचं, खाली सही. घरात सही कशाला म्हणून भाऊ हसतील, हसू द्या. सध्या माकडहाडावर लाल आहे तोवर ‘पाठ’ वगळा, दोनच कुशी ठेवा.

आज संध्याकाळी त्या लाल जागेवर बोटानं हलकेच दाबून बघा. बोट काढल्यावर जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल होते का? होत असेल तर वेळ आहे. लालच राहत असेल, किंवा कातडी फुटली असेल, फोड आला असेल, काळपट दिसत असेल, तर माझ्या पुढच्या अंकाची वाट बघू नका, उद्या सकाळीच डॉक्टरांना किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना घरी बोलवा. नसेल तर आठ दिवसांनी मला पत्र टाका, आणि त्यात कॅलेंडरवर किती सह्या झाल्या तेही लिहा.